नेब्रास्कावाले, आता पुरे!

दर ऑगस्टला, अमेरिकन कॉलेज फुटबॉलचा हंगाम आला की, नेब्रास्का विद्यापीठाच्या चाहत्यांचं तेच तुणतुणं. ‘यंदा नेब्रास्का परत येणार!’ अरे, कधी? कॉन्फरन्सचं (म्हणजे काही विद्यापीठांच्या मिळून चालणाऱ्या लीगचं) शेवटचं विजेतेपद 1999 सालचं. तेव्हा जन्मलेली पोरं कॉलेज संपवून नोकरीला लागली.

कोच टॉम ऑस्बॉर्न 25 हंगामांत 255 सामने जिंकून गेले, त्यात अखेरच्या चार वर्षांत तीन राष्ट्रीय विजेतेपदं. मग त्यांच्यानंतरचे कोच फ्रँक सोलिच 2003 मध्ये नऊ सामने जिंकले, तरी घरी पाठवले. पुढे कोच झालेले पेलिनी दरवर्षी किमान नऊ जिंकायचे. 2014 मध्ये त्यांनाही नारळ. नऊ विजय म्हणे कमी! आता बोलपुरते (हंगामाअखेरच्या खास सामन्यात जागा मिळण्यापुरते) सहा झाले तरी पेढे वाटायचे. शिवाय कोच बदलला की पद्धत बदलणार. ऑप्शन (चेंडू घेऊन पळण्यावर भर असलेली पद्धत) खेळण्यासाठी घेतलेल्या पोरांना सोलिचनंतर आलेल्या कॅलाहाननी पासिंगला, म्हणजे चेंडू पुढे फेकण्याला, जुंपलं, मग काय होणार?

बरं, हरायचं तर सरळ हरा ना! 2021 मध्ये 3-9, आणि नऊच्या नऊ पराभव एक अंकी फरकाने. 2022 ला डब्लिनमध्ये तर कहरच. नॉर्थवेस्टर्नविरुद्ध तिसऱ्या क्वार्टरमध्ये 28-17 अशी आघाडी, आणि कोच स्कॉट फ्रॉस्टना ऑनसाइड किक (चेंडू परत आपल्यालाच मिळावा म्हणून मारलेली आखूड किक) सुचते! लांब किक मारली असती तर समोरच्यांना बहुधा 75 यार्ड कापावे लागले असते. इथे चेंडू मैदानाच्या मध्यापाशी आयता त्यांच्या हातात. टचडाउन, म्हणजे चेंडू थेट गोलरेषेपार. नंतर आणखी एक. 28-31.

आणि लिंकनचं मेमोरियल स्टेडियम? 1962 पासून हाऊसफुल्ल. मग वरच्यांना सुधारायची घाई कशाला असेल?