टाटाचं इंजेक्शन घेतलं की ऑपरेशन नको? अहो, थांबा जरा

फॅमिली ग्रुपवर कालपासून फिरतंय की टाटा हॉस्पिटलने २० मिलिग्रॅमचं इंजेक्शन शोधलंय, तोंडाचा कॅन्सर बरा, ऑपरेशनची गरजच नाही. अर्धं खरं, अर्धी फेकाफेक. औषध टाटाने शोधलेलं नाही, ते आधीपासूनचं निवोलुमॅब, कॅन्सर आपल्या टी-पेशींना (आजाराशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) जो ब्रेक लावून ठेवतो तो सोडवतं. टाटा मेमोरियलने बघितलं ते असं, की दर २ आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम देतात त्याऐवजी दर ३ आठवड्यांनी नुसतं २० दिलं तर भागतं का, आणि तेही एकटं नाही, मेथोट्रेक्सेट, सेलेकॉक्सिब, एर्लोटिनिबच्या गोळ्यांसोबत. १५१ पेशंट, सगळे पॅलिएटिव्ह, म्हणजे आजार बरा होण्याच्या पलीकडे गेलेला. वर्षभराने नुसत्या गोळ्यांवाले १६.३ टक्के हयात, इंजेक्शनवाले ४३.४. आकडा भारीच आहे, आणि डोस एवढा कमी म्हटल्यावर खर्चही उतरतो, माझ्या मते खरी बातमी तीच. पण मीडियन आयुष्य, म्हणजे निम्मे पेशंट जिथवर जगले तो काळ, ६.७ महिन्यांवरून १०.१ वर गेलं, याला बरं होणं नाही म्हणत. ज्याची गाठ काढता येतेय त्याच्यासाठी ही ट्रायल नव्हतीच. सकाळी मामांचा फोन, “पुढच्या आठवड्याची ऑपरेशनची तारीख कॅन्सल करू का रे?” म्हणून एवढं टाइप केलं.