टीव्ही घूंऽऽ करतो म्हणून लगेच भंगारात काढू नका

ठाण्यातल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतोय: जुना डबा टीव्ही गुणगुणायला लागला की पिक्चर ट्यूब फुटायला आलीये, तोवर प्लगची अर्थिंगची पिन काढा, मागचं झाकण उघडून धूळ झटका, नाहीतर सरळ भंगारात द्या. कळव्यापासून वाशीपर्यंत सगळीकडे पोचलाय आणि त्यातलं जवळपास सगळंच चुकीचं आहे.

आधी ट्यूबचं. ती काचेची, आत पोकळी, ती कशाला गुणगुणेल? आपल्या घरात 230 व्होल्ट, 50 हर्ट्झची लाइट येते, सेटमध्ये तिचं डीसी (एकाच दिशेने वाहणारी वीज) होताना सेकंदाला 100 लाटा उरतात आणि त्या सपाट करायचं काम मोठ्या फिल्टर कपॅसिटरचं, म्हणजे वीज साठवून चढउतार भरून काढणाऱ्या पार्टचं. वर्षानुवर्षं गरम होऊन तो आतून सुकतो, मग तीच लाट स्पीकरपर्यंत पोचते. व्हॉल्यूम शून्यावर आणा, तरी घूं चालूच आणि पडद्यावर आडवा फिकट पट्टा हळूहळू सरकतोय, तर बहुतेक हाच दोषी. पार्ट ट्यूबच्या मानाने अगदीच स्वस्त असतो हो!

आवाज स्पीकरमधून नाही, डब्यातूनच येतोय? मग एखादी कॉइल नाहीतर ट्रान्सफॉर्मर सैल झालेला असू शकतो. आणि चालू करताना सेकंदभर धुम्म होतं ते तर नॉर्मलच, डीगॉसिंग कॉइलचं, म्हणजे पडद्यावरचं नको ते चुंबकत्व घालवणाऱ्या तारेच्या वेटोळ्याचं काम आहे ते. बारीक शिट्टीसारखा आवाज 15,625 हर्ट्झचा, तो पोरांना ऐकू येतो, आजोबांना नाही, म्हणून घरात उगाच वाद होतात.

आता अर्थिंगची पिन, याचा मला खरंच राग येतो. बऱ्याच जुन्या टीव्हींना दोनच पिना असतात, मग काढणार काय? लोक काढतात ती टीव्हीला जोडलेल्या होम थिएटरची किंवा कॉम्प्युटरची, आणि आत कुठे वायर टेकली तर त्याच्या पत्र्यालाच करंट येतो, घरात लहान मुलं असतात, पावसाळ्यात फरशी ओली असते. त्यापेक्षा मागची केबलची वायर उपसून बघा. घूं थांबलं तर सेट ठणठणीत आहे, बिल्डिंगच्या केबलचं अर्थिंग आणि तुमच्या घरचं अर्थिंग यांच्यात लूप झालाय, म्हणजे जोडलेल्या होम थिएटर वगैरेमधून दोन्हींच्या मध्ये नको तो करंट फिरतोय. केबलवाल्याला आयसोलेटर, म्हणजे ही अर्थिंगची जोडणी तोडणारा छोटा पार्ट, लावायला सांगा.

झाकण मात्र उघडूच नका. प्लग काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरमध्ये 300 व्होल्टच्या आसपास चार्ज राहू शकतो, ट्यूबवर तर 20,000 च्या वर चढतो. धूळ बाहेरून, जाळीवरून पुसा, बस.

जळका वास आला किंवा आतून चटचट ऐकू आलं तर मात्र थांबायचं नाही, प्लग काढायचा. तसं काही नसेल तर मेकॅनिकला फोनवरच सांगा की आवाज स्पीकरचा की डब्याचा, शून्य व्हॉल्यूमला राहतो का, केबल काढल्यावर जातो का, म्हणजे तो योग्य पार्ट घेऊनच येईल.