रेडिओला गिटार जोडू नका: ‘पाचशे रुपयांत जुना स्लाइड टोन’ या मेसेजला उत्तर

लगनसराई जवळ आली की ऑर्केस्ट्रा आणि बँजो पार्टीच्या ग्रुपांवर काय काय फिरेल सांगता येत नाही. यंदाचा मेसेज आहे ‘जुन्या स्लाइड गिटारचा टोन, फक्त पाचशे रुपयांत’. (स्लाइड म्हणजे बोटात घालून तारांवरून सरकवायची काचेची किंवा धातूची नळी.) तो अमळनेरला माझ्या भाच्यापर्यंत पोहोचला आणि त्यानं माळ्यावरचा रेडिओ खाली काढला, म्हणून हे लिहावं लागतंय.

मेसेजचं म्हणणं असं: घरातला व्हॉल्व्हचा, म्हणजे आत काचेच्या नळ्या असलेला, जुना रेडिओ घ्या, मागच्या ग्रामोफोनच्या सॉकेटात गिटार लावा, शॉक बसला तर प्लग उलटा करा. जास्तीत जास्त ओहमचा हंबकर (दोन कॉइलचा पिकअप, म्हणजे तारांखालचा, त्यांचं कंपन विजेत बदलणारा चुंबक-कॉइलचा भाग) घ्या, तो तारांना टेकेल इतका वर आणा, हीट गननं त्यातलं मेण काढा आणि बारीकात बारीक तारा चढवा.

आधी रेडिओ. बाकीच्या चुकांनी आवाज बिघडेल, या एका चुकीनं माणूस जाईल. जुन्या सेटांमध्ये एसी-डीसी नावाचा प्रकार असायचा. त्यात मेन ट्रान्सफॉर्मरच नसतो. व्हॉल्व्हची फिलामेंट, म्हणजे आतल्या तापणाऱ्या तारा, एकामागे एक जोडून सरळ मेनवर टाकलेली असतात आणि लोखंडी चॅसिस (आतला सांगाडा) मेनच्या एका वायरला थेट जोडलेली असते. व्हॉल्व्हवर यूसीएच ४२, यूएल ४१, यूवाय ४१ असे ‘यू’नं सुरू होणारे नंबर असले की सेट याच जातीचा समजा. रेडिओ म्हणून तो चालून जायचा, कारण बाहेरून लाकूड किंवा बॅकेलाइट, नॉबही तसेच. चॅसिसला कुणाचा हात लागत नसे. गिटारमध्ये जॅकची बाहेरची बाजू ब्रिजला (तारांच्या खालच्या टोकाच्या धातूच्या आधाराला) जोडलेली असते, ब्रिजवर तारा आणि तारांवर वाजवणाऱ्याचे दोन्ही हात. त्याच वेळी अर्थ असलेल्या माइकला ओठ लागला की २३० व्होल्टची वाट छातीतून पूर्ण होते. काही सेटांत सॉकेट आणि चॅसिस यांच्यामध्ये कपॅसिटर असतो हे खरं. पण तो कागदी, कित्येक दशकं जुना आणि बहुतेक वेळा गळका. त्याच्या भरवशावर जीव टांगायचा का?

‘प्लग उलटा करा’ हा सल्ला तर संतापजनक आहे. प्लग फिरवून चॅसिस न्यूट्रलवर आली, तरी ज्या सेटात ऑन-ऑफचा स्विच चॅसिसच्या बाजूच्या वायरमध्ये असतो तिथे स्विच बंद करताच फिलामेंटच्या साखळीतून चॅसिसवर फेज येतो. म्हणजे रेडिओ बंद आणि गिटार जिवंत! शिवाय मांडवातल्या एक्स्टेंशन बोर्डात फेज कुठे आणि न्यूट्रल कुठे, हे वायर जोडणाऱ्या पोरालाही आठवत नसतं. जनरेटरवर बदली झाली की पुन्हा सगळं उलटसुलट. घरी नीट चाललेली जोडणी अशी मांडवात दगा देते.

ट्रान्सफॉर्मरचा सेट, म्हणजे ईसीएच ८१, ईएल ८४ वगैरे नंबरांचा, याहून बरा. पण त्यालाही अर्थची तिसरी वायर नसते, आणि प्लग काढल्यावरही आतल्या फिल्टर कपॅसिटरवर दोन-अडीचशे व्होल्ट साठून राहू शकतात. आणि एवढं करून हाती काय? ते सॉकेट क्रिस्टल पिकअपच्या ग्रामोफोनसाठी असतं. त्याचा सिग्नल गिटारच्या साध्या पिकअपपेक्षा बराच मोठा, म्हणून पुढे वाढवणारे टप्पे कमी ठेवलेले. गिटार लावली की आवाज बारीक आणि मरगळलेला येतो. ५ ते १५ वॅटचा, अर्थ असलेला छोटा अँप घ्या. व्हॉल्व्हचा परवडत नसेल तर साधा चालेल: गेन कमी, मास्टर व्हॉल्यूम जास्त, थोडा रिव्हर्ब (खोलीत घुमल्यासारखा परिणाम).

आता ओहम. ओहमचा आकडा म्हणजे आवाजाचा जोर नव्हे. तार नुसती बारीक घेतली तरी तेवढ्याच वेढ्यांत ओहम वाढतात. वेढे खरोखर वाढवले तर इंडक्टन्स वाढतो, रेझोनन्सचं टोक, म्हणजे पिकअप ज्या पट्टीत सर्वांत जोरात वाजतो ती जागा, खाली सरकतं आणि वरची झळाळी जाते. स्लाइडला हवी असते नेमकी तीच. अमेरिकन स्लाइडवादक राय कूडर यांच्या प्रसिद्ध स्ट्रॅटोकास्टर गिटारकडे पाहा: नेककडे टिस्को या जपानी कंपनीच्या स्वस्तातल्या गिटारचा गोल्ड फॉइल पिकअप, ब्रिजकडे जुन्या लॅप स्टीलचा पिकअप. मांडीवरच्या हवाईयन गिटारसाठी बनलेला पिकअप उभ्या गिटारवर आणला, जास्त ओहमचा शोधत बसले नाहीत. या एका गिटारनं मेसेजमधला ओहमचा दावा निकालात निघतो.

हंबकरचं मात्र निम्मं खरं आहे, नाइलाजानं मान्य करतो. अमेरिकन गिटारवादक ड्युएन ऑलमन यांची स्लाइड गिब्सनच्या हंबकरवरचीच. पण तसे जुने हंबकर साधारण ७ ते ९ किलोओहमचे असत, १६ चे नव्हेत. मांडवात डिमर आणि एलईडीच्या लाइटिंगची घरघर असते, तिथे कमी ओहमचा हंबकर घ्या, हरकत नाही.

पिकअप तारांना टेकवला की चुंबक तारेला ओढतं. सूर डगमगतो, नाद लवकर मरतो, जाड तारांवर एका सुराचे दोन ऐकू येतात. सिंगल कॉइलसाठी (एकाच कॉइलच्या पिकअपसाठी) शेवटच्या फ्रेटवर तार दाबून मोजा: जाड तारेखाली २.४ मिलिमीटर, बारीक तारेखाली २. तिथून कानानं ऐकत स्क्रू पाव-पाव फेरी फिरवा. लोखंडी स्लाइड पिकअपवर नेली तर चुंबक तिलाही धरतं आणि स्पीकरमध्ये धप्प वाजतं. काच आणि पितळ यांना हा त्रास नाही.

मेण काढायचा उद्योग नको. आतली तार ०.०६ मिलिमीटरच्या आसपास, उष्णतेनं इनॅमल गेलं की कॉइल संपली. वाचली तरी मेणाविना सैल झालेली कॉइल मोठ्या आवाजात शिट्टी मारेल.

तारांचा सल्ला साफ उलटा आहे. ०.००९ इंचाच्या सेटवर स्लाइड टेकली की तार दबून फ्रेटवर खडखडते. ०.०१२ ते ०.०५२ इंचाचा सेट लावा, तिसरी तार गुंडाळलेली घ्या आणि ओपन डी (मोकळ्या तारांनीच डी कॉर्ड वाजेल असं ट्यूनिंग) ठेवा: जाडीकडून डी, ए, डी, एफ शार्प, ए, डी. यात एकही तार वर ओढावी लागत नाही. ओपन ई हवं असेल तर दुसऱ्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) लावा. जाड तारा ई पर्यंत ताणून नेकवर भार टाकू नका. ॲक्शन (तारांची फ्रेटपासूनची उंची) बाराव्या फ्रेटवर २.५ मिलिमीटर, पहिल्या फ्रेटवर स्लाइड खडखडली तर नट (डोक्याकडची, तारांच्या खाचांची पट्टी) उंच करा. सूर फ्रेटच्या बरोबर वर घ्यायचा, दोन फ्रेटच्या मध्ये नाही, आणि स्लाइडच्या मागची बोटं तारांवर हलकी टेकलेली, नाहीतर मागचा भागही वाजतो.

पाचशे रुपये खर्चच करायचे तर एमआयडीसीतल्या लेथवाल्याकडे पितळी नळीचा तुकडा कापून घ्या: लांबी ६० मिलिमीटर, भिंत ३ मिलिमीटर, आतला व्यास आपल्या करंगळीच्या मापानं, बहुधा १८ ते २०. दोन्ही कडा गोल आणि बाहेरून पॉलिश सांगा. लेथचे ओरखडे राहिले तर ते तारेवर करकरतात. नव्या जाड तारांनी नेक पुढे झुकेल. पहिला आणि शेवटचा फ्रेट दाबून सातव्यापाशी फट बघा, ०.३ मिलिमीटरपेक्षा जास्त असेल तर ट्रस रॉड (नेकच्या आतली लोखंडी सळी) पाव फेरी आवळा, रात्रभर ठेवा, पुन्हा मोजा. ॲक्शन आणि पिकअपची उंची त्यानंतरच लावा.