अकरा मारुती एकाच दिवसात? एका प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार.

समर्थ रामदासांनी स्थापलेले अकरा मारुती सांगलीहून दोन टप्प्यांत कसे करावेत, या माझ्या लेखावर तुम्ही चांगलंच खरमरीत लिहिलंत. ज्यांच्या नजरेतून ते सुटलं असेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. तुमचं म्हणणं असं की अकरा मारुती एकाच दिवसात करायचे असतात, आणि तेही शहापूरपासून, स्थापनेच्या क्रमानं. तुमची कराडची मंडळी पहाटे चारला जीप काढतात आणि रात्री घरी येतात. मी मात्र त्याचे दोन तुकडे केले, सुरुवात कृष्णाकाठच्या बहे गावापासून केली, श्रावणात जाऊ नका असा उफराटा सल्ला दिला, आणि मारुतीरायापेक्षा टोल, स्वच्छतागृहं आणि जेवणातला अख्खा मसूर यांवरच शाई जास्त खर्च केली. ‘ही यात्रा नव्हे, सहल आहे’ हे तुमचं शेवटचं वाक्य. त्याच्याकडे मी शेवटी येते.

आधी क्रम. तो मलाही पाठ आहे. शहापूर शके १५६६, मसूर १५६७, चाफळचे दोन्ही १५७०, मग शिंगणवाडी, उंब्रज आणि माजगाव १५७१, बहे आणि मनपाडळे १५७३, पारगाव १५७४ आणि शेवटचं शिराळा १५७६. आता हा क्रम काटेकोर पाळून गाडी चालवून बघू. शहापूर, मसूर झालं. मसूरहून चाफळला जायचं तर वाटेत उंब्रज लागतं, पण थांबायचं नाही. पुढं माजगाव लागतं, तिथंही नाही. चाफळ आणि शिंगणवाडी करून मागं फिरायचं, माजगाव पुन्हा डोळ्याआड करून उंब्रजला यायचं, तिथलं दर्शन घेऊन परत माजगावला जायचं आणि माजगावहून पुन्हा उंब्रजवरूनच महामार्ग गाठायचा. तुमची जीप असं करत नसणार, काका. उंब्रज आलं की ती थांबतच असणार. म्हणजे क्रम तुम्हीही रस्त्याचाच धरता. फरक एवढाच, की तुमचा रस्ता कराडहून निघतो आणि माझा सांगलीहून.

आणि परंपरेचंच म्हणाल तर आमच्या मिरजेच्या मठातल्या वेणाबाईंचा अभंग बघा. अकराही गावांची नावं त्यात आहेत. चाफळचे दोन, मग उंब्रज, आणि चौथा एकदम वारणेकाठचा पारगावचा. पाचव्याला पुन्हा मसूर. शिराळा सातवा, बहे अकरावा. समर्थांच्या प्रत्यक्ष शिष्येनं ना स्थापनेचा क्रम धरला, ना वाटेचा. तिला अकरा नावं लोकांच्या तोंडी बसवायची होती, ती बसली. शहापूरपासून निघालं नाही तर फळ मिळत नाही, असं त्यात कुठंही नाही.

आता एका दिवसाचं. होत नाही असं मी कुठंही लिहिलेलं नाही. होतं. पण हिशेब मांडा. चपला काढायच्या, पाय धुवायचे, नमस्कार, प्रदक्षिणा, चपला शोधायच्या; एका ठिकाणी वीस मिनिटं धरली तरी अकरा ठिकाणी पावणेचार तास जातात. बाकीचा सगळा दिवस गाडीत. सातारा जिल्ह्यात सात, सांगलीत दोन आणि कोल्हापुरात दोन असा हा पसारा आहे, त्यात महामार्गाच्या सहापदरीकरणाची वळणं. कुठं एक तास गेला की पुढच्या सगळ्या गावांतली वीस मिनिटं पाचावर येतात. ‘चला, चला, अजून पाच राहिलेत’ ही हाक तुम्हीही ऐकली असेलच. ज्यांची स्थापना व्हायला दहा वर्षं लागली, ते एका दिवसात उरकायची घाई मारुतीरायाला तरी आहे का?

या घाईत काय सुटतं ते दोन उदाहरणांनी सांगते.

एक चाफळ. राममंदिरासमोर दास मारुती आहे, हात जोडून, रामाकडं तोंड करून उभा. सगळे तिथं नमस्कार करतात. आणि मंदिराच्या मागच्या बाजूला प्रताप मारुती, त्याला कुणी वीर मारुतीही म्हणतं. पायाखाली दैत्य, शेपटी थेट डोक्यावर गेलेली, आवेश असा की समोर उभं राहिल्यावर नकळत एक पाऊल मागं जातं. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या भूकंपात या मारुतीच्या देवळाचा दगड हलला नाही, असं गावात सांगतात. एकाच माणसानं एकाच वर्षी, एकाच देवळाच्या पुढं आणि मागं, एकाच देवाची ही दोन रूपं का उभी केली असतील, हा विचार करायला तिथं निवांत टेकावं लागतं. आम्ही गेलो तेव्हा गाड्या भरभरून आलेली मंडळी पुढचा मारुती करून चाललीसुद्धा. एक बाई तर विचारत होत्या, ‘चाफळचे दोन ना? मग दुसरा गावात कुठं आहे?’

दुसरं शिराळा. माझ्या दोन टप्प्यांच्या मांडणीचं खरं कारण हे गाव आहे. तिथली मूर्ती उत्तरेकडं तोंड करून आहे आणि दोन्ही बाजूंच्या भिंतींत झरोके आहेत. सूर्य उगवताना आणि मावळताना उजेड त्या झरोक्यांतून थेट मारुतीच्या चेहऱ्यावर येतो. आम्ही मावळतीच्या आधी पोचलो, तर गाभाऱ्यात ट्यूबलाइट. सासूबाईंनी पुजाऱ्यांना विचारलं, ‘जरा दिवा घालवता का हो?’ त्यांनी हसत बटण दाबलं. आधी काहीच दिसेना. मग उजेडाची एक पट्टी गालावर आली आणि शेंदराचा रंग बदलला. कमरपट्टा, त्याची घंटा हे सगळं ट्यूबच्या प्रकाशात सपाट दिसत होतं, ते उठून आलं. तुमच्या क्रमात शिराळा शेवटी येतं. अकरापैकी दहा करून तिथं पोचेपर्यंत बहुतेकांना अंधार पडलेला असतो.

म्हणून माझा पहिला टप्पा दक्षिणेचा: सकाळी सांगलीहून आष्टा, इस्लामपूर (आताचं ईश्वरपूर) करत बहे, मग पेठ नाक्यावरून महामार्गानं वाठारपर्यंत, तिथून पारगाव आणि मनपाडळे, आणि मागं येऊन पेठ नाक्यावरून शिराळा, सूर्य मावळायच्या आत. मुक्काम घरीच. दुसरा टप्पा कराडच्या वरचे सात, आणि वेळ उरला तर सज्जनगड. गड मी ‘गाळला’ असं तुम्ही म्हणता. तो अकरांत नाही, आणि सात मारुती करून दमलेल्या पायांनी समर्थांच्या समाधीपुढं उभं राहायचं की त्याच्यासाठी वेगळा दिवस काढायचा, हे ज्यानं त्यानं ठरवावं. मी वेगळा काढते.

श्रावण. इथं मी जरा हट्टी आहे. बह्याला कृष्णेचे दोन प्रवाह होतात आणि मधल्या बेटावर रामलिंग आहे. राम पूजेला बसलेला असताना नदीला पूर आला आणि मारुतीनं दोन्ही बाहू पसरून पाणी अडवलं, म्हणून धार दुभंगली, अशी तिथली कथा. राममंदिराच्या मागची मारुतीची मूर्तीही तशीच, पाणी थोपवण्याच्या आवेशात. कथाच पुराची आहे, काका! कोयनेतून पाणी सोडलं की ते कराडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेत येतं आणि तिथून खाली बह्याला. तुमच्याकडं ऊन पडलेलं असतं आणि इथं पाणी चढत असतं. २०१९ आणि २०२१ साली सांगलीकरांनी कृष्णा घरात आलेली पाहिली आहे, त्यामुळं ‘थोडंच पाणी आहे, जाऊ’ हे वाक्य आमच्याकडं फारसं कुणी म्हणत नाही. श्रावणात जायचंच असेल तर उत्तरेचे सात करा, आणि नागपंचमीला शिराळ्याची वाट धरू नका. दक्षिणेचे चार पाणी ओसरल्यावर, दिवाळीनंतर, उसाच्या ट्रॉल्या सुरू झाल्या तरी चालतील, फक्त अंधार पडल्यावर त्यांच्यामागं गाडी दामटू नका. बिनदिव्याच्या ट्रॉलीइतकं धोक्याचं या रस्त्यावर दुसरं काही नाही.

टोलबद्दल लिहिलं कारण लोक विचारतात. कराडहून शहापूर, मसूर करून उंब्रजला निघालात तर जाताना तासवडे नाका लागतच नाही, येताना लागतो. दक्षिणेला किणीचा नाका जाता-येता दोन्ही वेळा; चोवीस तासांत परतलात तर परतीचा निम्मा बसतो. यात अधार्मिक काय आहे ते मला कळलं नाही.

गावांच्या नावांबद्दलचा परिच्छेद तुम्हाला ‘बाळबोध’ वाटला. पण मोबाईलवर नुसतं पारगाव टाकलं की तो खंडाळ्याकडचं पारगाव दाखवू शकतो, आणि बह्याजवळचं बोरगाव शोधताना नागठाण्याजवळचं बोरगाव. तुम्ही कराडचे, तुम्हाला हे हसण्यासारखं. पुण्याहून येणाऱ्याला नाही. तालुका टाकूनच शोधा: पारगावला हातकणंगले, बह्याला वाळवा.

आता स्वच्छतागृहं. एकच विचारते. तुमच्या त्या जीपमध्ये बायका किती होत्या? आमच्या गाडीत चौघी होतो, त्यातल्या दोघी साठीच्या पुढच्या. पहाटे निघायचं म्हटलं की बायका आदल्या रात्रीपासून पाणी कमी पितात, दुपारी डोकं धरून बसतात, आणि कुणी विचारलं तर ‘काही नाही, ऊन लागलं’ म्हणतात. महामार्ग सोडून आत गेलं की मोठ्या पंपावरची सोय मिळत नाही. कुठं थांबता येईल हे आधी ठरलेलं असलं की बाई पाणी पिते, आणि पाणी प्यायलेली बाई शिंगणवाडीची टेकडी चढते. सासूबाई चढल्या, गुडघे दुखत असून. हे मला लेखात लिहावंसं वाटलं आणि पुन्हा लिहीन.

अख्खा मसूर: शनिवारचा उपास आमच्या घरीही असतो. म्हणून तर आम्ही शनिवार टाळून गेलो. गर्दीही कमी आणि जेवणाचीही पंचाईत नाही. इस्लामपूरवरून जाऊन अख्खा मसूर न खाता परत येणं मला जमत नाही, ते काही कुणाला बंधनकारक नाही.

राहता राहिली सहल. माझ्या आजेसासऱ्यांच्या काळी लोक बैलगाडीनं चाफळच्या रामनवमीला जायचे, चटणी-भाकरी बांधून, वाटेत मुक्काम करत, ओळखीच्यांच्या घरी टेकत. त्यांना कुणी सहल म्हटलं नाही, आणि त्यांनीही बैलांना वैरण कुठं मिळेल याची चौकशी करूनच गाडी जुंपली असणार. तुमची पहाटे चारची यात्रा मला खोटी वाटत नाही. वडिलांपासून चालत आलेलं ते व्रत आहे आणि ते तुम्ही पाळता, याचा आदरच आहे. फक्त ज्यांच्या अंगात तेवढा दम नाही, ज्यांच्या गाडीत म्हातारी माणसं आणि लहान मुलं आहेत, त्यांनी निम्मे मारुती आज आणि निम्मे नंतर केले तर ते कमी भाविक ठरत नाहीत, एवढंच माझं म्हणणं.

तुमच्या जीपचं वेळापत्रक मात्र मला हवं आहे. कुठल्या गावात किती वाजता पोचता, मनपाडळ्याहून शिराळ्याला कुठल्या रस्त्यानं जाता, आणि दुपारी दार लोटलेलं असलं तर गावात कुणाला हाक मारता, हे सवडीनं लिहून पाठवा. एका दिवसात करू इच्छिणाऱ्यांसाठी मी ते तुमच्याच शब्दांत लेखाखाली जोडते.