बेटाचे स्वराज्य कसे गुंडाळावे

आपल्या ताब्यात एखादे लहानसे बेट असेल आणि तेथील माणसे आपला कारभार आपणच चालवत असतील, तर ऑस्ट्रेलियाने पॅसिफिक महासागरातल्या नॉरफोक बेटावर काय केले याचा आपण बारकाईने अभ्यास करावा. जेमतेम 35 चौरस किलोमीटरचे बेट, वस्ती सुमारे दोन हजारांची. त्यांतले अनेक जण 1856 साली पॅसिफिकमधल्याच पिटकेर्न बेटावरून आलेल्यांचे वंशज आहेत. रस्त्यात गाय आडवी आली तर मोटारीने थांबायचे असते, आणि टेलिफोन डिरेक्टरीत माणसे टोपणनावानेही सापडतात. असल्या लोकांना कायदेमंडळ हवेच कशाला, असा प्रश्न सुज्ञाला पडणारच.

घाई मात्र करू नये. 1979 साली केला तसा कायदा करून आधी नऊ सदस्यांची विधानसभा द्यावी. प्रत्येक मतदाराला नऊ मते द्यावीत आणि त्यांतली एकाहून अधिक एकाच लाडक्या उमेदवाराच्या पारड्यात टाकण्याची मुभाही ठेवावी. बेटावरच्या कमाईवर आयकर घेऊ नये, म्हणजे सरकारी आरोग्यविमाही द्यावा लागत नाही. मग स्वस्थ बसावे. 2008 च्या मंदीनंतर पर्यटक रोडावले की तिजोरी आपोआप रिती होते, आणि हात पसरून आलेल्या माणसापुढे अटी ठेवायला फारसे वक्तृत्व लागत नाही.

मे 2015 मध्ये बेटवासीयांनी सार्वमत घेतले आणि आपले राजकीय भवितव्य आपल्यालाच ठरवू द्यावे, असा कौल सुमारे 68 टक्के मतांनी दिला. अशा कौलाचा आदर करावा, म्हणजे तो नीट फायलीत लावावा, आणि पुढच्याच महिन्यात विधानसभा मोडीत काढावी.

खरे कौशल्य यापुढचे. कायदे न्यू साउथ वेल्सचे लावावेत, पण त्या राज्याच्या निवडणुकीत बेटाला मत देऊ नये. 2022 पासून शाळा आणि आरोग्यसेवा क्वीन्सलँड या दुसऱ्याच राज्याकडे सोपवाव्यात. मत तेथेही नाही. संसदेसाठी मात्र मत आहे, आणि ते दीड हजार किलोमीटरहून दूर असलेल्या कॅनबेराच्या बीन मतदारसंघात मोजले जाते. एक ना धड भाराभर चिंध्या, असे कोणी म्हणेल. आपण त्याला समन्वय म्हणावे.

विधानसभेच्या जागी 2016 साली दिली तशी पाच सदस्यांची प्रादेशिक परिषद द्यावी, म्हणजे खड्ड्यांसाठी शिव्या कोणाला द्यायच्या हे ठरून जाते. तिचे हिशेब कोलमडले की 2021 प्रमाणे तिलाही घरी पाठवून प्रशासक बसवावा. दरम्यान कोणी संयुक्त राष्ट्रांकडे गाऱ्हाणे नेलेच, तर या लोकांना पैशाचा व्यवहार जमत नाही, एवढेच उत्तरात लिहावे. परिषद आपणच घडवून दिली होती, हे लिहायला कागदावर बहुधा जागा उरत नाही.