मीटरमध्ये निळा झोत कोणी मागितला होता?

आमच्या प्रीमियर पद्मिनीच्या डॅशबोर्डवरच्या, वेग दाखवणाऱ्या मीटरमधला उजेड मंद झाला आहे, रात्री काटा नीट दिसत नाही, एवढी एकच तक्रार घेऊन मी देवगडहून रत्नागिरीला गेलो होतो. 1984 साली वडिलांनी घेतलेली, कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली ही गाडी आजही एका सेल्फमध्ये सुरू होते. तिचे दिवे सुधारण्याच्या नावाखाली तिचे जे काही करण्यात आले, त्याचा संताप महिना उलटला तरी माझ्या मनातून जात नाही.

तक्रार पुरती ऐकून घेण्याआधीच दुकानदाराने निकाल दिला: "काका, पिवळे बल्ब आता कोण वापरतं? एलईडी टाकून देतो, दिवसासारखं दिसेल." उजेड का कमी झाला, हा प्रश्न त्याला पडलाच नाही. मीटर बाहेर काढून पाहणे नाही, होल्डरवर व्होल्टेज मोजणे नाही. मी आईला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो तेवढ्या दोन तासांत त्याच्या वायरमनने मीटरमागचे चारही पितळी होल्डर कापून टाकले, वायरींची टोके हाताने पिळून त्यांवर काळी टेप गुंडाळली आणि निळसर पांढरे एलईडी कोंबले. या कामाचे बावीसशे रुपये मी मोजून दिले.

कोकणात किनाऱ्यावर गाडी ठेवणाऱ्या माणसाला मीटर मंद होण्याचे कारण सांगावे लागू नये. मीटरच्या बल्बला अर्थिंग मिळते ते होल्डरच्या आणि मीटरच्या धातूमधून. खाऱ्या वाऱ्याने आणि चार महिन्यांच्या दमटपणाने त्या जोडांवर हिरवट कळंक चढतो आणि विजेची वाट अडते. साध्या तारेच्या बल्बचे व्होल्टेज पाव भागाने घटले, तर त्याचा उजेड पाव भागाने नव्हे, निम्म्याहूनही जास्त घटतो. नंतर घरी मी मल्टिमीटर लावला, तेव्हा बॅटरीवर 12.4 व्होल्ट होते आणि मीटरच्या वायरीवर अवघे 8.9. काचकागदाने अर्थिंगचा पट्टा आणि त्याचा स्क्रू घासून लख्ख केल्यावर तिथेच 12.1 व्होल्ट मिळाले. अर्ध्या तासाचे काम आणि काचकागदाचा एक तुकडा, एवढाच या दुखण्यावरचा उपाय होता, आणि तो करायला बसायची ज्याची तयारी नाही त्याने वायरिंगच्या दुकानाची पाटी लावू नये.

उजेड वाढला तरी का, तर तोही नाही. जुन्या बल्बची तार चहूबाजूंना प्रकाश टाकते, मीटरच्या डब्याला आतून दिलेला पांढरा रंग तो प्रकाश परतवतो आणि सगळी तबकडी सारखी उजळते. मीटरची रचनाच त्या हिशेबाने केलेली असते. या स्वस्त एलईडीचा प्रकाश मात्र शेंड्यातून सरळ पुढे जातो. त्यामुळे चाळीसच्या आकड्यावर डोळे दिपवणारा एक ठिपका पडला आणि ऐंशीच्या पुढचा भाग पूर्वीपेक्षाही काळा झाला. त्यात तो निळा रंग! अंधारात पाहण्याचे काम डोळ्यांतल्या ज्या पेशी करतात, त्यांना निळा-हिरवा प्रकाशच सर्वांत जास्त लागतो, म्हणून मीटरमध्ये असा झोत असला की समोरचा ओला, काळा रस्ता दिसेनासा होतो. हेडलाइट अप्परला असल्याचे सांगणारा दिवासुद्धा निळाच असतो. तो या निळ्या पुरात बुडून गेला. समोरून येणारे लोक मला दिवे का मारत आहेत, हे पावस गावापर्यंत माझ्या लक्षात येत नव्हते.

हेही मी सहन केले असते, पण त्या वायरमनने, बॅटरी चार्ज होत नसेल तर पेटणाऱ्या चार्जिंगच्या दिव्यालाही सोडले नाही. आमच्या गाडीत वडिलांनीच नंतर अल्टरनेटर (इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणारे यंत्र) बसवून घेतला होता. अशा जोडणीत चार्जिंगचा बल्ब नुसती सूचना देत नाही, किल्ली फिरवल्यावर त्याच बल्बमधून जाणारा थोडासा प्रवाह अल्टरनेटरला जागे करतो. तीन वॉटच्या बल्बमधून पाव अँपिअर जाते. एलईडीमधून त्याच्या दहाव्या हिश्श्याइतकेही जात नाही, आणि तो उलटा बसवला तर काहीच जात नाही. आमचा उलटा बसवला होता. तो लागलाच नाही, आणि चार्जिंगचा दिवा विझलेला म्हणजे सगळे ठीक, हे चाळीस वर्षांचे वळण असल्यामुळे मी निश्चिंत राहिलो.

पूर्णगडचा पूल ओलांडेपर्यंत पावसाने झोडपायला सुरुवात केली होती. हेडलाइट, वायपर, टेललाइट सगळे चालू आणि हे सगळे एकट्या बॅटरीच्या जिवावर. आडिवऱ्याच्या पुढे एका चढावर वायपर काचेच्या मध्यावरच रेंगाळू लागले, हेडलाइट आधी पिवळे आणि मग तांबूस झाले, आणि इंजिन दोन आचके देऊन बंद पडले. रात्रीचे पावणेदहा वाजले होते, मोबाइलला रेंज नव्हती आणि शेजारी डोळ्यांत औषध घातलेली, पंचाहत्तरीची आई बसली होती. सगळे विझल्यावरही मीटरमधले ते निळे दिवे मिणमिणत होते. जवळजवळ तासाभराने मासळीचा एक टेम्पो थांबला, त्याच्या ड्रायव्हरने केबल लावून दिली आणि घरी पोहोचेपर्यंत मागे मागे येत राहिला. तो भला माणूस नसता तर रात्र तिथेच काढावी लागली असती.

दुसऱ्या दिवशी टेप सोडवली, तेव्हा तिचा चिकट डिंक बोटांना लागला आणि आत उघड्या तारा एकमेकींपासून दोन सुतांवर होत्या. म्हणजे वाटेत डॅशबोर्डने पेट घेतला नाही, हे आमचे नशीब. कारखान्यातून आलेल्या प्रत्येक वायरीचा रंग ठरलेला असतो आणि त्या रंगावरूनच पुढचा माणूस दोष शोधतो. इथे चारही ठिकाणी लाल वायरीचे तुकडे जोडून ती ओळखच पुसून टाकली होती.

एलईडीला माझा विरोध नाही. पिवळसर उजेडाचा, चहूबाजूंना प्रकाश देणारा, मूळ होल्डरमध्येच बसणारा एलईडी मिळतो. चार्जिंगचा बल्ब तसाच ठेवून बाकीच्या ठिकाणी तो बसवला तर तक्रारीला जागा नाही. पण त्यासाठी गाडी समजून घ्यावी लागते. मुंबईतून पद्मिनीच्या टॅक्सी 2023 च्या ऑक्टोबरअखेर हद्दपार झाल्या, तेव्हापासून ही गाडी म्हणजे भंगार, तिच्यात काहीही कापले तरी चालते, अशी यांची समजूत झालेली दिसते.

आठ दिवसांनी मी पुन्हा त्या दुकानात गेलो. घडलेला सगळा प्रकार ऐकल्यावर दुकानदार म्हणाला, "गाडी जुनी आहे ना काका, तिला एलईडी सूट होत नाही." पैसे परत देण्याचा विषय त्याने काढला नाही, आणि मीही काढला नाही. मी फक्त माझे चार पितळी होल्डर मागितले. त्याने कोपऱ्यातल्या भंगाराच्या डब्याकडे बोट दाखवले. डबा रिकामा होता; आदल्याच दिवशी भंगारवाला येऊन सगळे किलोवर घेऊन गेला होता.