जर्सी पेठेची, मग पोरगं कुणाचं?

कोल्हापुरात फुटबॉलचा हंगाम जवळ आला की पेठापेठांतल्या, स्वतःचे फुटबॉल संघ असलेल्या तालमींच्या कट्ट्यावर एक वाद हमखास पेटतो. संघात बाहेरचे खेळाडू घ्यायचे का, आणि घ्यायचे तर किती? आफ्रिकेतून आलेल्या खेळाडूंमुळे खेळाचा वेग वाढला, शाहू स्टेडियम भरायला लागलं, असं एका बाजूचं म्हणणं. दुसरी बाजू विचारते, पेठेतलं पोरगं बाकावर बसणार असेल तर तालमीचं नाव जर्सीवर कशाला? गावाकडच्या मित्रांशी फोनवर बोलताना दोन्ही बाजू मी ऐकतो. दोन्हींत खरं आहे. तरी मी आता कुठल्या बाजूला आहे हे सांगायचं, तर मी राहतो त्या भागातल्या एका खेड्याच्या क्लबबद्दल सांगावं लागेल.

आयर्लंडच्या पश्चिमेला गॉलवे काउंटीत, ट्यूम गावाच्या दक्षिणेला कॉरोफिन आहे. (क्लेअर काउंटीतही एक कॉरोफिन आहे, ते वेगळं.) क्लेअर नदी, चुनखडीच्या दगडांचे बांध, गुरांची कुरणं, विखुरलेली घरं. आजूबाजूची वस्ती धरूनही आपल्या एखाद्या पेठेइतकी माणसं भरणार नाहीत. तिथे गेलिक फुटबॉल खेळतात: एका बाजूला पंधरा जण, चेंडू हातानेही खेळायचा आणि पायानेही. खांब इंग्रजी एच अक्षरासारखे. आडव्या दांडीखालून चेंडू जाळीत गेला की गोल, म्हणजे तीन गुण. दांडीवरून गेला की एक; २०२५पासून चाळीस मीटरच्या कमानीबाहेरून मारला असेल तर दोन. गुणफलकावर गोल आणि गुण वेगळे लिहितात.

या खेळाची संघटना, गेलिक ॲथलेटिक असोसिएशन, १ नोव्हेंबर १८८४ रोजी थर्ल्स गावातल्या एका हॉटेलात स्थापन झाली. मायकेल क्युसॅक हे त्यामागचं मुख्य नाव. देशावर इंग्रजांचं राज्य होतं आणि आपले खेळ मरू द्यायचे नाहीत, हा निर्धार त्यात होता. त्याची किंमतही मोजावी लागली. २१ नोव्हेंबर १९२० रोजी डब्लिनच्या क्रोक पार्कवर सामना सुरू असताना पोलीस दलाने गोळीबार केला, चौदा जण गेले. त्यांत टिपररीचा खेळाडू मायकेल होगन होता. आज त्या मैदानाच्या एका भव्य स्टँडला त्याचं नाव आहे.

पण मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते या संघटनेचं रोजचं चालणं. आयर्लंडभर दीड हजाराहून अधिक क्लब आहेत, आणि क्लबाची हद्द बहुतेक ठिकाणी चर्चच्या पॅरिशची, म्हणजे आजूबाजूच्या दोनचार वाड्यांची. ज्या हद्दीत तुम्ही वाढलात, त्या क्लबाकडून खेळायचं. शेजारच्या क्लबात चांगले प्रशिक्षक आहेत किंवा तो जास्त जिंकतो म्हणून उठून जाता येत नाही. बदली मागायची तर साधारणपणे राहण्याचं ठिकाणच बदललेलं असावं लागतं. खेळाडूला पगार नाही. मैदान क्लबाचं, गवत कापणारे, लहान मुलांना शिकवणारे आणि दर आठवड्याला लॉटरीची तिकिटं खपवणारे सगळे गावातलेच.

अशा नियमांत कॉरोफिनने काय केलं? १७ मार्च १९९८ रोजी क्रोक पार्कवर डब्लिनच्या एरिन्स आइल क्लबाला ०-१५ विरुद्ध ०-१० असं हरवून अखिल आयर्लंड क्लब विजेतेपद घेतलं. कॉनाक्ट प्रांतातल्या कुठल्याही क्लबाने ते त्याआधी घेतलं नव्हतं. कर्णधार रे सिल्क. त्याच वर्षी सप्टेंबरात गॉलवे काउंटीने १९६६ नंतर पहिल्यांदा सॅम मॅग्वायर करंडक, म्हणजे काउंटी संघांचं देशाचं विजेतेपद, उचलला, तोही सिल्कच्याच हातांनी. मग २०१५, २०१८, २०१९ आणि २०२०. सलग तीनदा हे विजेतेपद याआधी कुठल्याच क्लबाला मिळालेलं नव्हतं. २०२०च्या अंतिम सामन्यात किलकू क्लबाशी ०-७, ०-७ अशी बरोबरी झाली. जादा वेळेत कॉरोफिनने किलकूला एकही गुण घेऊ दिला नाही आणि सामना ०-१२ विरुद्ध ०-७ असा घेतला. त्या संघात किरन फिट्झजेरल्ड होता, २००१ साली गॉलवेबरोबर देशाचं विजेतेपद मिळवलेला. एवढी वर्षं तो त्याच गावाच्या जर्सीत खेळत राहिला. आणि खेळ कसा, तर आखूड पासचा, डोकं वर ठेवून, मोकळा माणूस शोधणारा. इथले जाणकार आजही त्या खेळाची आठवण काढतात. लहानपणापासून एकत्र खेळलेल्या पोरांशिवाय तो जमला असता असं मला वाटत नाही.

या इतिहासातली एक गोष्ट मला कोल्हापूरच्या वादासाठी सगळ्यांत मोलाची वाटते. २०१५ला जिंकणाऱ्या संघाचा व्यवस्थापक स्टीफन रॉचफर्ड मूळचा शेजारच्या मेयो काउंटीचा. मेयो आणि गॉलवे यांच्यातली ईर्षा आपल्या दोन पेठांपेक्षा तसूभरही कमी नाही. तरी कॉरोफिनने त्याला बोलावलं. शहाणपण बाहेरून घेतलं, जर्सी मात्र गावच्याच पोरांच्या अंगावर ठेवली.

तालमींनी हेच करावं, असं माझं मत आहे. परदेशी खेळाडूंनी कोल्हापूरचा खेळ सुधारला हे मी मान्य करतो. मग त्यांतल्या जाणत्याला दोन-तीन वर्षांसाठी प्रशिक्षक म्हणून आणा. हंगामापुरत्या खेळाडूवर जो पैसा जातो तो त्याला द्या, आणि चौदा-पंधरा वर्षांची चाळीस पोरं त्याच्या हाताखाली द्या. स्ट्रायकर विकत घेऊन एक करंडक येतो. पुढच्या वर्षी तो दुसऱ्या तालमीकडे जातो आणि पेठेकडे काही उरत नाही.

पण ‘बाहेरचा नको’ म्हणणाऱ्यांशीही माझं पूर्ण पटत नाही, कारण इथे बाहेरचा मी आहे. आमच्या भागातल्या क्लबाने माझ्या मुलीचं नाव नोंदवताना पत्ता विचारला. आडनाव, धर्म, कुठून आलात, यातलं काही विचारलं नाही. शनिवारी सकाळी ती चिखलात इतर मुलांबरोबर पळते, आणि तिला शिकवणारा शेतकरी तिच्यावरही तितकाच ओरडतो. इथे सगळं गोड आहे असं नाही. स्थलांतरितांवर खेकसणारे इथेही आहेत. पण क्लबाचा नियम जन्माकडे पाहत नाही, राहण्याकडे पाहतो. शिवाजी विद्यापीठात शिकायला आलेला, पेठेत खोली घेऊन राहणारा एखादा परदेशी मुलगा तालमीत रोज येत असेल, तर तो पेठेचाच. तीन महिन्यांसाठी विमानाने आणलेला नव्हे, मग तो लागोसचा असो की गोव्याचा.

एक फरक मी विसरत नाही. कॉरोफिनच्या पोरांचं घर खेळावर चालत नाही. शिक्षक, पोलीस, इंजिनिअर असे त्यांचे व्यवसाय आहेत. आपल्याकडे गुणी पोरगं विसाव्या वर्षी कामाला लागतं आणि खेळ सुटतो. म्हणून बिनपगारी खेळाचा आदर्श मी कोल्हापूरवर लादणार नाही. इथेही तो तितका निर्मळ राहिलेला नाही, व्यवस्थापकांना गुपचूप पैसे दिले जातात अशी चर्चा वर्षानुवर्षं चालू आहे. आपल्या पोरांना मानधन द्या, नोकरी शोधून द्या, त्यासाठी देणगीदार गोळा करा. मात्र तो पैसा पेठेतल्या पोराच्या हातात पडू दे. अनिकेत जाधवसारखा कोल्हापूरचा मुलगा २०१७च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला. पोरांत दम नाही, असं कुणी म्हणू नये.

हरायचं काय, हा प्रश्न मित्र नेहमी विचारतात. कॉरोफिनने २०१३ ते २०१९ सलग सात वेळा गॉलवे काउंटीतल्या क्लबांचं विजेतेपद घेतलं, आणि २०२० साली ते मॉयकलनकडे गेलं. हरल्यावर बाजारातून कुणाला आणायची सोय क्लबाला नव्हती. हाताशी होती ती बारा, चौदा, सोळा वर्षांची पोरं, आणि ती मोठी होईपर्यंत त्यांना शिकवत राहायचं होतं. तालमींनी तशी पाच वर्षं काढायची तयारी ठेवावी, आणि केएसएने, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनने, नोंदणीचा नियम राहत्या पत्त्यावर बांधून ती सगळ्यांनाच काढायला लावावीत. एकट्या तालमीने हे केलं तर ती फक्त हरेल.